बापूकाकांनी तपासलेला लॅपटॉप

आमच्या फ्रिजनं घरघर सुरू केली, तेव्हा शेजारचे बापूकाका त्याच्यासमोर स्टूल टाकून बसले आणि गंभीर आवाजात म्हणाले, "झोप कशी लागते?"

"फ्रिजला?" बायकोनं विचारलं.

"म्हणजे, पडून राहिल्यावर घरघर वाढते का कमी होते? दार उघडल्यावर आराम वाटतो का लावल्यावर?"

पाऊण तास चौकशी चालली. शेवटी काकांनी फ्रिज भिंतीपासून चार बोटं पुढे ओढला आणि घरघर थांबली. जाताना साबुदाण्याएवढ्या चार गोड गोळ्या त्यांनी माझ्या हातावर ठेवल्या. वस्तू बिघडली की मालकाचं पित्त वाढतं, अशी त्यांची पक्की समजूत आहे.

बापूकाका पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क होऊन रिटायर झाले. लग्न केलं नाही. झाशीच्या नगरा मोहल्ल्यात आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. तरुणपणी त्यांनी होमिओपॅथीची जाडजूड पुस्तकं पाठ केली होती. पण माणसं विचारलेल्याचं उत्तर देत नाहीत, वर स्वतःचं निदान सांगतात, म्हणून वैतागून ते यंत्रांकडे वळले. "मशीन झूठ नाही बोलत, दिनेश भैया," असं ते मला सांगतात. कुणी घाई केली की हात वर करतात : "रुका! त्याला बोलू द्या पहिले." आम्हा झाशीकरांची मराठी ही अशीच. पूर्वज पेशवाईत मराठा सरदारांबरोबर इकडे आले, आणि पुढच्या पिढ्यांची क्रियापदं हिंदीच्या शेजारात राहून तिच्यासारखी झाली.

अस्खलित मराठी बोलतात त्या फक्त आक्का. काकांच्या थोरल्या बहीण. जवळच्या समथर गावी शिक्षिका होत्या, रिटायर झाल्यावर भावाकडे आल्या. पुण्याचं मराठी वर्तमानपत्र पूर्वी त्यांना टपालानं यायचं, तेही शिळं होऊन. मग भाचीनं आपला जुना लॅपटॉप दिला आणि आक्कांना त्याच दिवशीचा पेपर मिळायला लागला. या गावात त्यांच्या वाट्याला येणारी वाचायची मराठी तेवढीच.

गेल्या होळीच्या सुमारास त्या लॅपटॉपचा पडदा लुकलुकायला लागला. आधी आडव्या रेघा, मग अर्धा पडदा काळा. काका तो घेऊन सदर बाजारात गेले. दुकानदारानं उभ्याउभ्या बघितलं. "अंकलजी, स्क्रीन गई. नई डलवाने से अच्छा, नया लैपटॉप ही ले लो."

काका लॅपटॉप छातीशी धरून घरी आले. "नाडीसुद्धा नाही पाहिली त्यानं!"

दुसऱ्या दिवशी तपासणी. साक्षीदार म्हणून मी.

"रेघा केव्हा येतात?" काकांनी वही उघडली.

"सकाळी," आक्का म्हणाल्या.

"चहाच्या आधी का नंतर?"

"बापू, चहा मी पिते. तो नाही पीत."

काकांनी झाकण हळूहळू उघडायला सुरुवात केली. अर्ध्यापर्यंत चित्र स्वच्छ. आणखी मागे नेलं की रेघा. पुढे आणलं की गायब. "पाठ टेकली की त्रास," काकांनी लिहिलं. मी घरून वायर आणून लॅपटॉप त्यांच्या टीव्हीला जोडला. टीव्हीवर सगळं लख्ख.

"म्हणजे डोकं शाबूत आहे," काकांचा चेहरा उजळला. "दुखणं कमरेत आहे! आक्का, नवा नाही घ्यायचा. याची दुरुस्ती होणार."

दुसरा एक कारागीर शोधला. त्यानं आमच्यासमोरच बिजागरीजवळचं आवरण खोललं. पडद्याकडे जाणारी पातळ पट्टी तिथं उघडमीट होऊन चिरली होती. पट्टी बदलली, पडदा झळकला. काकांनी कारागिरालाही चार गोळ्या दिल्या.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण सकाळी आक्का म्हणाल्या, "अजून बरा नाही झाला रे. धुरकटच दिसतं."

मी वाकून पाहिलं. अक्षर न् अक्षर स्वच्छ होतं. तसं सांगायला तोंड उघडलं, तोच काकांनी माझ्या पायावर पाय दिला. मग वही घेऊन ते लॅपटॉपसमोर बसले. पण नजर आक्कांवर.

"धूर डावीकडे जास्त का उजवीकडे?"

"डावीकडे."

"उन्हात वाढतो का? दिव्याभोवती कडं दिसतं?"

"दिसतं. दिवाळीपासून दिसतं."

काकांनी सगळं लिहून घेतलं. अक्षर इतकं वेडंवाकडं आलं की हेडक्लार्कचं वाटेना. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "मोतीबिंदू आहे भैया. आमच्या आईचा डोळा ऑपरेशनमध्ये गेला. तेव्हापासून आक्का डोळ्याच्या डॉक्टरचं नाव काढू देत नाही."

मग काकांनी बेत रचला. पडदा वाचणाऱ्याच्या नजरेला जुळवून घ्यावा लागतो, त्यासाठी मोठ्या मेकॅनिकसमोर वाचणाऱ्यानं स्वतः बसावं लागतं, असं आक्कांना सांगितलं. डॉक्टरांना आदल्या दिवशीच भेटून पढवून ठेवलं. आम्ही तिघं ऑटोनं निघालो. आक्कांच्या मांडीवर लॅपटॉप.

दवाखान्यात आक्कांनी समोरचा तक्ता बघितला. "बापू, या मेकॅनिकच्या भिंतीवर अक्षरं लहान लहान होत जातात."

काका छताकडे बघायला लागले.

"तीस वर्षं पोरी शिकवल्या मी. थाप ओळखू येत नाही होय? परवाच कळलं होतं मला, दुखणं लॅपटॉपचं नाही ते."

"मग आलीस कशाला?"

आक्का म्हणाल्या, "तुला काय होतंय, कधीपासून होतंय, असं इतकं बारीक आजवर कुणी मला विचारलं नव्हतं रे. बरं वाटलं. म्हटलं, चला."

ऑपरेशन झालं, डोळा छान झाला, हे आधीच सांगून टाकतो. पण ऑपरेशनच्या दिवशी आक्कांना आत नेल्यावर एक नर्स कागद भरायला आली. काकांनी धडाधडा सांगितलं. थंडीत गुडघे दुखतात, वांगं सोसत नाही, डाव्या कुशीवर झोपतात, मनातलं बोलत नाहीत. बहिणीला यातलं काहीही न विचारता त्यांना सगळं पाठ होतं.

"माताजी घबराती तो नहीं हैं?" नर्सनं विचारलं.

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"वो नहीं घबरातीं, सिस्टर," ते म्हणाले. "वहाँ मेरा नाम लिख लीजिए."