हीट पंपावरची गोधडी

"अगं कौमुदी, तुझं यंत्र बाहेर बर्फानं पांढरं पडलंय! जे स्वतःच कुडकुडतंय, ते आपल्याला काय ऊब देणार?"

कमलाबाई लेकाकडे परदेशात, टार्निटला आल्या आणि लॉकडाउनमध्ये अडकल्या. विमानं बंद, तोंड मात्र चालू.

सुनेनं हेडफोन सरकवला. "आई, हीट पंप बाहेरच्या हवेतली ऊब ओढून आत आणतो. बर्फ आपोआप वितळतो. नाहीच जमलं, तर जुनी गॅसची भट्टी पेटते."

"गारठ्यातून ऊब! पाणी घुसळून लोणी काढ, बाई!"

सून मीटिंगमध्ये गुंतल्यावर कमलाबाईंनी चाळीसगावहून आणलेली गोधडी यंत्राला चारी बाजूंनी गुंडाळली आणि परकराच्या नाडीनं आवळून बांधली. यंत्र घरघरलं, खडखडलं, गप्प झालं. आत भट्टी पेटली. घर कसं भाकरीच्या तव्यासारखं तापलं! कमलाबाईंनी लगेच नणंदेला फोन लावला. "शिकलेल्या सुनेला जमलं नाही, ते माझ्या गोधडीनं केलं!"

संध्याकाळी भिंतीवरच्या स्क्रीनवर पंप बिघडल्याची लाल अक्षरं आली.

"तरी मी सांगत होतो," कमलाबाईंचा लेक यतिन म्हणाला. "गॅस काय वाईट होता? लॉकडाउन उठला की हे खूळ काढून टाकू."

कौमुदीचा चेहरा उतरला. नवऱ्याशी वर्षभर भांडून तिनं हा पंप बसवला होता. तिनं मेकॅनिकला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन घेऊन मागच्या अंगणात गेली. मागोमाग यतिन, त्याच्यामागे कमलाबाई.

"अरेरे," फोनमधून मेकॅनिक हसला, "बिचाऱ्याचा श्वास कोंडलाय की!"

गोधडीचं टोक पंख्यात अडकून पातं मोडलं होतं.

"हे कुणी केलं?" यतिन ओरडला.

कमलाबाई यतिनच्या पाठीआड सरकल्या.

"मी," कौमुदी म्हणाली. "मला वाटलं, थंडीनं बंद पडेल."

"तू? इंजिनिअर ना तू?" यतिन हसत सुटला. "बघ, तुलाच कळत नाही. काढूनच टाकू."

कौमुदीनं मान खाली घातली. कमलाबाईंना ते बघवेना.

"कशाला गं खोटं बोलतेस?" त्या कडाडल्या. "नाडी माझ्या परकराची, दिसत नाही याला? माझ्यावर पांघरूण घालायला मी काय तुझं यंत्र आहे? आणि तू रे, दात काढू नकोस! पंप काढायचा नाही, दुरुस्त करायचा!"

यतिनचं हसू विरलं. कौमुदी फाटकी गोधडी सोडवू लागली.

"चुकलं गं माझं," एवढंच कमलाबाईंना म्हणायचं होतं. आयुष्यभर कधी न अडलेली जीभ नेमकी तिथे अडली.

"नीट घडी घाल," कमलाबाई म्हणाल्या आणि दुसरं टोक धरायला वाकल्या.