अळणी मतदार

राज्यकारभारासाठी माणसं निवडणं हे पवित्र कर्तव्य आहे. मात्र ते उपाशीपोटी करावं की जेवून, याचा खुलासा विलायतेहून आलेल्या कायद्यात कुठेही नाही. म्हणून इंग्रज सरकारने प्रांताच्या कौन्सिलची निवडणूक लावली, तेव्हा काशीतल्या संकठा घाटाजवळच्या आमच्या मराठी गल्लीने ही उणीव (उमेदवारांच्या खर्चाने) भरून काढली.

मताचा हक्क बायकांनाही होता. अट एवढीच, की घर स्वतःच्या नावावर हवं. गल्लीतल्या बायकांच्या नावावर फक्त व्रतं होती. कालिंदीबाईंच्या नावावर सोळा सोमवार, संकष्टी आणि रविवारचं अळणी जेवण होतं, पण कलेक्टर कचेरीत त्याची नोंद होत नसे. तरीही निवडणुकीचा सगळ्यात मोठा घोर त्यांनाच लागला होता. गल्लीतल्याच विष्णुपंत मास्तरांच्या कन्याशाळेची सरकारी मदत थांबली होती आणि चैत्रात शाळेला कुलूप लागणार होतं. कालिंदीबाईंची बकुळ त्याच शाळेत नुकती अक्षरं गिरवू लागलेली. कौन्सिलात जाऊन मदत परत आणीन, म्हणून मास्तर स्वतःच उभे राहिले होते. (त्यांनी कोणालाही जेवायला बोलावलं नाही. सार्वजनिक कार्यात इतकी बेफिकिरी बरी नव्हे.)

उरलेले दोघे जबाबदार गृहस्थ होते. एक जमीनदार बाबूसाहेब, दुसरे वकीलसाहेब. मतदाराला जेवू घालणं ही लाच आणि ब्राह्मणाला जेवू घालणं हे पुण्य, हे दोघांनाही ठाऊक होतं. तोच ब्राह्मण मतदार असला तर काय, यावर कायदा गप्प होता. बाबूसाहेबांना अचानक आजोबांची पुण्यतिथी आठवली. वकीलसाहेबांच्या घरची सगळी वडीलधारी मंडळी दुर्दैवाने धडधाकट होती, त्यामुळे त्यांना मातोश्रींच्या एका उद्यापनावर भागवावं लागलं.

कालिंदीबाईंचे यजमान दत्तात्रेयभट दोन्हीकडे जेवून आले आणि पोटावर हात ठेवून ओसरीवर बसले.

"अगं, मत एक आणि मीठ दोघांचं. जागू कोणाला?"

"मताची चिठ्ठी गुप्त असते म्हणे."

"सरकारपासून गुप्त! अन्नपूर्णेपासून काय गुप्त राहणार?"

कालिंदीबाई वाती वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मग उद्यापासून अळणी जेवा. मी रविवारी जेवते तसं. मीठच पोटात गेलं नाही तर बांधील कोणाचे?"

"आणि आजवर गेलंय ते?"

"दोघांचं सारखंच गेलंय. फिट्टंफाट."

"मत मग कोणाला द्यायचं?"

"ज्यांनी तुम्हाला काहीच वाढलं नाही त्यांना."

तोड इतकी सात्त्विक होती, की आठवडाभरात गल्लीतल्या एकूण एक मतदाराने अळणी व्रत धरलं. पंगती चालूच राहिल्या. "पंडितजी, दाल तो फीकी है," असं आचारी काकुळतीने सांगे, आणि पंडितजी "फीकीच हवी, भैया" म्हणून वाटी पुढे करत. गोडात मीठ नसतं, हे लक्षात येताच बासुंदीचा खप तिप्पट झाला आणि पाप शून्यावर आलं. बायका पाण्याला जाता-येता एकमेकींना विचारत. प्रत्येक घरातून एकच उत्तर येई: मत मास्तरांनाच. कालिंदीबाईंनी संकठा देवीची ओटी भरली.

कलेक्टरसाहेबाने मतदानाचा दिवस पंचांग न बघताच ठरवला होता. एकादशी निघाली. सकाळी मतदार मंडळी सोवळं सोडून, कोट घालून निघाली, तर वाटेतच बाबूसाहेबांचा मांडव. साबुदाण्याची खिचडी वाफाळत होती. मुनीम हात जोडून उभा.

"महाराज, देवीचा परसाद आहे. परसादाला ना कसं म्हणणार?"

खिचडीत सैंधव होतं. मंडळी जागच्या जागी थबकली. उपासाला चालणारं सैंधव हे मीठ आहे की नाही? गल्लीतले सर्वांत वृद्ध विद्वान ढुंढिराजशास्त्री यांना पुढे करण्यात आलं. बकुळचा हात धरून कालिंदीबाई तिथवर आल्या होत्या. एरवी पुरुषांत बोलायच्या नाहीत, त्या हळूच म्हणाल्या, "शास्त्रीबुवा, खारट लागतं ना? मग मीठच ते."

"कालिंदी, जीभ हे प्रमाण नव्हे," शास्त्रीबुवा मायेने म्हणाले. "मीठ असतं तर एकादशीला चाललं असतं का? अर्थात मीठ नव्हे. व्रत मोडत नाही."

मंडळींनी प्रसाद घेतला. (काहींनी दोनदा घेतला, प्रसाद टाकू नये.) मंडळी हात धूत असताना मुनीम नम्रपणे म्हणाला, "तर महाराज, बाबूसाहेबांचं मीठ खाल्लंत."

पुन्हा शास्त्रीबुवांकडे नजरा वळल्या. त्यांनी हात पुसून उपरणं सावरलं.

"खाताना ते मीठ नव्हतं," ते म्हणाले. "जागताना मात्र मीठ धरावं. एवढी कृतज्ञता तरी माणसात हवी."

हा निर्णय दोन्ही अंगांनी निर्दोष असल्यामुळे मंडळी समाधानाने मत द्यायला गेली. दत्तात्रेयभट दुपारी परतले. कालिंदीबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"दिलंत ना मास्तरांना?"

"अगं, ते गुप्त असतं," दत्तात्रेयभट तांब्यात बघत म्हणाले.

बाबूसाहेब निवडून आले. आमच्या गल्लीतून मास्तरांना एकच मत पडल्याचं समजलं. ते मास्तरांचं स्वतःचं असावं, असा सर्वांनी चारचौघांत अंदाज केला; आणि घरी गेल्यावर प्रत्येकाने बायकोला सांगितलं, की ते आपलं.

चैत्रात शाळेला कुलूप लागलं. बकुळची बाराखडी अर्ध्यावर राहिली. तिला आता फुलवाती छान येतात.

आपल्याला वाचता येतं, म्हणून आपण इथवर हसत आलात. गेल्या निवडणुकीत मत कोणाला दिलंत, हे विचारत नाही. ते गुप्त असतं. आदल्या आठवड्यात जेवलात कोणाकडे, एवढंच बकुळला सांगा. जरा मोठ्याने सांगा. लिहून कळवलंत तर तिला वाचता येणार नाही.