मास्तरांच्या पायडलवरचा पाहुणा

सापांची ओळख करून घ्यायची, असं सूनबाईने ठरवलं ते निव्वळ भीतीपोटी. गावाच्या कडेचं घर, मागे शेतं, भिंतीला लागून लाकडांची रास. तिथे साप निघायचेच. आणि सूनबाई तर कुकरच्या शिट्टीलाही दचकणारी. (स्वतःच्याच शिंकेला दचकून तिने एकदा “कोण आहे?” असंही विचारलं होतं.) कॉलेजात तिने अर्थशास्त्र घेतलं होतं, आणि अर्थशास्त्रात साप फारसे येत नाहीत. म्हणून तिने सापांचं एक जाडजूड पुस्तक आणलं आणि परीक्षेला बसल्यासारखं पाठ केलं. चित्रं मात्र हाताने झाकून वाचली. पहिल्याच पानावरच्या नागाने तिच्याकडे रोखून पाहिलं होतं, त्याला ती तरी काय करणार?

पुस्तक संपलं त्या दिवशी जेवताना तिने जाहीर केलं, “यापुढे घरात साप निघाला तर आधी ओळख. उगाच काठी उचलायची नाही.”

“म्हणजे साप ओळखपत्र दाखवेपर्यंत आम्ही थांबायचं?” नवरा म्हणाला. तो डेअरीत कारकून होता आणि सापांच्या बाबतीत त्याचा विश्वास फक्त काठीवर होता.

“थांबू की!” सासरे म्हणाले. “माप घेतल्याशिवाय मी कधी कात्री लावतो का?”

सासरे शिंपी होते. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं. मास्तरांनी होकार दिला म्हणजे कायदा पास झाला. आता या कायद्याखालची पहिली केस खुद्द मास्तरांवरच यावी, याला काय म्हणायचं?

एका सकाळी ते मशीनवर बसले होते. कोणाच्या तरी पँटची मोहरी दुमडायची राहिली होती. मध्येच त्यांनी हाक मारली, चहा मागावा तितक्याच शांतपणे.

“सूनबाई, जरा येतेस का? तुझ्या पुस्तकातलं कोणीतरी आलंय.”

सगळे धावले. मास्तर स्टुलावर बसलेले, दोन्ही पाय हवेत सरळ धरलेले, आणि पायांखाली मशीनच्या पायडलवर काहीतरी चकचकीत वेटोळं.

नवऱ्याने विजेच्या वेगाने काठी उचलली आणि तितक्याच वेगाने तो कापड बेतायच्या टेबलावर चढला.

“बाबा, घाबरू नका! मी आहे!”

“आहेस ते दिसतंय. माझ्या नव्या कोऱ्या कापडावर आहेस.”

“घालू का काठी?”

“आणि नेम चुकला तर? साप राहील बाजूला, पाय माझा जाईल! कायदा म्हणजे कायदा. सूनबाई, विचार काय विचारायचं ते.”

सूनबाई उंबऱ्याबाहेर पडदा घट्ट धरून उभी होती. डोळे मिटलेले. “बाबा, तुम्हीच सांगा ना, कसा दिसतो?”

“रंग गडद चॉकलेटी, काळ्याकडे झुकणारा. त्यावर आडवे पांढरे पट्टे. आणि काय सांगू पोरी, काय फिनिशिंग आहे! इतका वळलाय, पण कुठे एक चुणी नाही. शिवण तर शोधून सापडणार नाही!”

“अहो, कौतुक कसलं करताय!” सासूबाई बटणांचा डबा छातीशी धरून ओरडल्या. “पाय वर धरा आधी!”

गडद अंग, पांढरे पट्टे. सूनबाईने मनातल्या मनात पानं उलटली. उमेदवार दोनच होते. एक मण्यार, जिचा दंश धड कळतही नाही आणि माणूस हातचा जातो. दुसरा कवड्या, बिचाऱ्याला विषच नाही. पोशाख जवळजवळ सारखा. फरक एवढाच, की कवड्याचे पट्टे मानेपासून ठळक सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारीचं उलट.

“बाबा, नीट बघून सांगा हं. पट्टे गळ्यापासून आहेत की खालून?”

मास्तर वाकले. (ते वाकले तसे पायही खाली आले, आणि मायलेक एकदम ओरडले, “पाय!”)

“गळ्याकडे कोरा आहे बघ. खाली मात्र पट्टे एकदम ठसठशीत.”

“मण्यार,” सूनबाई कशीबशी म्हणाली आणि तिने पडद्यात तोंड लपवलं. सासूबाईंच्या हातातला डबा निसटला आणि बटणं घरभर पळाली. नवऱ्याला टेबलाच्या वर चढायला जागा नव्हती, म्हणून त्याने नुसताच एक पाय उचलला.

“विषारी का?” मास्तर म्हणाले. “तरीच एवढा उंची माल.”

आवाज तोच होता, पण त्यांच्या पोटऱ्या थरथरू लागल्या होत्या. म्हाताऱ्या मांड्या त्या, किती वेळ तग धरणार? पडद्याच्या कडेने एक डोळा उघडला तेव्हा सूनबाईला ती थरथर दिसली, आणि काय झालं कोण जाणे, तिचं डोकं चालू लागलं.

“बाबा, तोंड कुठल्या बाजूला आहे त्याचं?”

“माझ्या.”

“जीभ दिसली?”

“नाही बुवा.”

“मग तोंड कशावरून?”

“कशावरून म्हणजे? गळा नेहमी माझ्याच बाजूला असतो! आयुष्यभर कापड तसंच मांडत आलोय मी.”



“बाबा,” सूनबाई हळूच म्हणाली, “सापाला हे माहीत असेलच असं नाही.”

म्हणजे आता कोणीतरी जवळ जाऊन बघणं आलं. सासूबाईंना चष्म्याशिवाय दोरा आणि साप सारखेच. नवरा म्हणाला, “मला इथून नुसती काठीच दिसते.” तेव्हा सूनबाईने पदर खोचला, जमिनीवर पालथी झाली आणि सरपटत मशीनकडे निघाली. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. ती दचकली, मशीनच्या पायावर कपाळ आपटलं, डोळ्यांत पाणी आलं. पण बाई मागे फिरली नाही. न घाबरणाऱ्याने पुढे जाण्यात काय मोठंसं? दचकत दचकत पुढे गेली, तिला आमचा नमस्कार.

तिने पाहिलं. वेटोळ्याच्या पलीकडच्या टोकाला एक चपटं, इवलंसं डोकं. दोऱ्याएवढी जीभ बाहेर आली, आत गेली. मानेपासून पांढरे शुभ्र पट्टे, मास्तरांच्या दिशेने विरत गेलेले. आणि डोळे! काळ्या मण्यांसारखे, तिच्याइतकेच भेदरलेले.

“बाबा, तुम्ही माल उलटा धरलाय! गळा तिकडे आहे! कवड्या आहे हा, कवड्या!”

मास्तरांनी पाय बाजूला घेतले आणि असा काही सुस्कारा सोडला की पडदा हलला. साप या आरडाओरडीला कंटाळलाच होता. समोर पडलेल्या पँटच्या मोहरीत तो अलगद शिरला.

“बिनविषारी ना? नक्की?” सासूबाईंनी विचारलं.

“नक्की, आई.”

“मग व्हा बाजूला.” त्यांनी दोन्ही टोकं दुमडून पँट उचलली, धुणं वाळत घालायला निघाल्यासारख्या बाहेर गेल्या आणि लाकडांच्या राशीपाशी ती मोकळी केली. साप कमरेतून बाहेर आला. शेपूट दिसेनाशी होईपर्यंत मास्तर बघत राहिले.

“गिऱ्हाईक असावं तर असं,” ते म्हणाले. “ट्रायल घेतली आणि एक तक्रार नाही!”

दिवसभर सूनबाईचा उदोउदो चालला. येईल त्या गिऱ्हाइकाला मास्तर, आपल्या सुनेने जमिनीवर पालथं पडून गळा कसा ओळखला, ते टेप बाजूला ठेवून सांगत होते. नवऱ्याने टेबलावरून उतरून जाहीर कबुली दिली, की काठीपेक्षा पुस्तक बरं. सूनबाईच्या चालण्यात तज्ज्ञाचा डौल आला.

संध्याकाळी मशीन पुसता पुसता सासूबाईंनी विचारलं, “पण काय गं, तो या खोलीत आला होता कशाला?”

“पाली खायला, आई,” सूनबाई आरशापाशी उभी राहून विद्वानासारखी म्हणाली. “कवड्या म्हणजे पालींचा काळ. माणसाचा तर मित्रच म्हणायला हवा.”

ही बातमी बहुधा आरशामागेही पोचली असावी. कारण वैरी गेल्याची खात्री पटलेली एक धष्टपुष्ट पाल मोकळेपणाने बाहेर आली आणि सूनबाईच्या खांद्यावर टपकन पडली.

किंकाळी ऐकून सगळे धावत आले, तेव्हा आमच्या सर्पतज्ज्ञ मशीनच्या फळीवर उभ्या होत्या आणि नवऱ्याला ओरडून सांगत होत्या, “अहो, बघताय काय नुसते? ती पँट घ्या, लाकडांकडे पळा आणि त्याला परत घेऊन या!”