नानाजी निमज्यांचा खडा

आमच्या शेजारच्या नानाजी निमज्यांनी जन्मभर सिनेमे पाहिले, पण त्यातल्या बहुतेकांचा शेवट काय झाला हे त्यांना ठाऊक नव्हतं.

त्यांची रीत ठरलेली. टॉकीजमध्ये कडेची खुर्ची घ्यायची. काळी टोपी काढून मांडीवर ठेवायची. पडद्यावर काहीतरी खोटं वाटलं, पटलं नाही, की टोपी डोक्यावर चढवायची, उभं राहायचं आणि सगळ्या बाल्कनीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचं, "खडा!" की चालले बाहेर. डोअरकीपर इतका सरावला होता, की टोपी हलताना दिसली की तो आधीच दाराचा पडदा बाजूला धरायचा.

मागोमाग शकूकाकूंना उठावं लागे. नवरा रस्त्यावर उभा, आणि आपण आत बसून हिरोइनीचं लग्न कसं पाहायचं? दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सुपात निवडायचे तांदूळ घेऊन आमच्या ओट्यावर यायच्या. "सुमन, पुढं काय झालं वं? तो विलन मेला का?" मी शाळेत शिकवत होते, त्यामुळे गोष्ट सांगायची सवय होतीच. पण काकूंना शेवट सांगता यावा म्हणून मी किती रद्दी सिनेमे शेवटपर्यंत पाहिले, ते माझं मला माहीत. आमचे हे म्हणायचे, "तुला पगार दिला पाहिजे काकूंनी."

खड्यामागे नानाजींचं एक तत्त्व होतं. ते म्हणायचे, "भात कितीबी चांगला असू द्या. एक खडा दाताखाली आला का जेवण खलास. डायरेक्टरचं तसंच आहे. नऊ सिनेमे चांगले काढले अन् दहावा बेकार निघाला, का माणूस बाद!"

हे नुसतं बोलणं नव्हतं. घरी खरोखरचा खडा लागला तर नानाजी एक अक्षर न बोलता ताटावरून उठत, हात धुवत आणि सायकल काढून गांधीबागेतल्या आपल्या लुगड्यांच्या दुकानात निघून जात. दिवसभर उपाशी. त्या धसक्यानं काकू तांदूळ तीनतीनदा निवडायच्या. "माझा अर्धा जलम सुपातच गेला, माय," असं त्याच सांगायच्या, आणि तेही हसत. मी असते तर एक दिवस मुद्दाम मूठभर खडे शिजवून वाढले असते.

आमच्या धरमपेठेतल्या कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर संध्याकाळी कॉलेजची पोरं जमायची. त्यांना नानाजींनी आव्हान देऊन ठेवलं होतं. "एकही वाईट सिनेमा न काढलेला डायरेक्टर आणा. पान माझ्याकडून!" पोरं नावं आणत, नानाजी ती उडवत. एकानं फार मोठं नाव आणलं तर म्हणाले, "तो? त्याच्या पिक्चरमधी पोरगी अंगणातून घरात येते, तर दारातल्या दारात लुगड्याचा काठ बदलते. अंगणात रुईफुली, अन् घरात करवती! अरे, मी लुगडेवाला आहे बे, मले शिकवून राहिले का?" दुसऱ्याची नदीत बुडालेली बाई बाहेर आली तेव्हा तिचं कुंकू जागच्या जागी होतं. बाद. तिसऱ्याचा भिकारी गाणं म्हणताना हसला तेव्हा त्याचे दात फार पांढरे दिसले. तोही बाद.

हळूहळू हा शब्द पोरांच्याही तोंडी बसला. पिक्चर कंटाळवाणं झालं की खालून, वरून आरोळ्या उठायच्या, "खडा! खडा!" नानाजींना याचा कोण अभिमान! मिशीतल्या मिशीत हसत, "पब्लिक आता शहाणी झाली," म्हणायचे.

एकदा पोरांनी त्यांची फिरकी घेतली. "नानाजी, सापडला! आपला बंड्या. त्यानं एकही वाईट सिनेमा काढला नाही."

"काहून गा?"

"त्यानं सिनेमाच काढला नाही!"

ठेल्यावर हशा उसळला. मी तिथूनच भाजी घेऊन चालले होते, मलाही हसू आवरेना. नानाजी मात्र हसले नाहीत. "असाच एक अजून आहे," एवढंच पुटपुटले आणि हातातलं पान तसंच ठेल्यावर विसरून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी काकू सूप घेऊन आल्या तेव्हा तो अजून एक कोण, म्हणून मी विचारलं. त्यांनी आधी इकडंतिकडं पाहिलं, मग सांगितलं. नानाजींना मधुकर नावाचा धाकटा भाऊ होता. घर मूळचं उमरेडचं, वडील विणकर. ते गेले तेव्हा मधू अगदी लहान. नानाजींनीच त्याला खांद्यावर घेऊन जत्रा दाखवली, पाटी-पुस्तक घेऊन दिलं, नागपूरला आणून सिनेमाही पहिल्यांदा त्यांनीच दाखवला. मधूला त्याचंच वेड लागलं. एका गणेशोत्सवात त्यानं उमरेडला नाटक बसवलं, गरीब विणकराचं. सारं गाव जमलेलं, नानाजी पहिल्या रांगेत. पडदा वर गेला. विणकर मागावर बसलेला, आणि त्याच्या कमरेला गिरणीचं धोतर!

"अन् मग?" मी विचारलं, पण मला कळलंच होतं.

"अन् मग काय वं? ह्यायनं टोपी घातली, उभे झाले अन् म्हणाले, खडा! सारं गाव हासलं. नाटक तिथंच बुडालं. सकाळच्या एसटीनं मधू जो गेला तो मुंबईले. आता एका डायरेक्टरच्या हाताखाली काम करते म्हणतात. दिवाळीले नाही, कशालेच नाही. मले चिठ्ठी धाडते कधीमधी. दादाचं नाव काढत नाही."

काकूंनी पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. मला नानाजींचा भयंकर राग आला. असला कसला मेला खडा, म्हटलं, की त्यापायी भाऊ घालवावा!

वर्ष-दोन वर्षं गेली असतील. आमचे हे टेलिफोन खात्यात, म्हणून आळीत फोन आमच्याकडेच. एका दुपारी मुंबईचा कॉल आला. मधुकर निमजे बोलत होते, वहिनीला बोलवा म्हणाले. काकू धावत आल्या. त्यांनी रिसीव्हर कानापासून असा लांब धरला होता, की पलीकडचं बोलणं मला बाहेरूनच ऐकू आलं. "वहिनी, माझा पहिला सिनेमा लागून राहिला नागपूरले. मी येतो शुक्रवारी. पण दादाले सांगू नका. त्याले येऊ देऊ नका, वहिनी. माहं पाया पडणं समजा."

काकूंनी कुणाला सांगितलं नाही, पण सिनेमावाल्यांनी सगळ्या नागपूरला सांगितलं. सायकलरिक्षाला पोस्टर बांधून, भोंगा लावून त्यांनी गांधीबागेतून मिरवणूक काढली, आणि पोस्टरवर खाली मोठ्या अक्षरांत भावाचं नाव. रिक्षा नेमकी दुकानासमोर पंक्चर झाली म्हणे. पंक्चर निघेस्तोवर नानाजी पायरीवर उभे राहून ते नाव पाहत होते. दुकानात गिऱ्हाईक बसलेलं, त्याच्याकडे लक्षच नाही.

त्या संध्याकाळी ते आमच्याकडे आले. हातात शुक्रवारची तीन तिकिटं, आणि तीही रांगेच्या अगदी मधली.

"मास्तरीणबाई, तुमी एका अंगाले बसा, शकू दुसऱ्या अंगाले. मी उठाले लागलो का धोतर धरून खाली ओढा."

"आणि टोपी?"

"टोपी घरी. टोपीचंच सारं भांडण आहे."

मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा पाहून ते गिळलं. विचारलं, "नानाजी, सिनेमा खरंच वाईट निघाला तर?"

त्यांनी तिकिटं जपून खिशात ठेवली. "निंघू द्या न. एका खड्यापायी पोरगा गेला माझा. लहानाचा मोठा केला होता त्याले. आता दगडाची खाण निघाली तरी बसतो."

शुक्रवारी तीनच्या खेळाला डोअरकीपर त्यांना ओळखेचना. बोडक्या डोक्याचे नानाजी त्यानं कधी पाहिलेच नव्हते. "आज टोपी कुठं?" म्हणून त्यानं विचारलं. नानाजींनी सरळ आत जाऊन जागा धरली.

आता खरं सांगते, सिनेमा वाईट होता. हिरो आंधळा, देवळाची घंटा डोक्यात पडून त्याला दिसायला लागलं. दिसायला लागल्याबरोबर तो मोटार हाकायला बसला. खेड्यातल्या हिरोइनीच्या भुवया कोरलेल्या. प्रत्येक वेळी नानाजींचा हात मांडीवर टोपी चाचपायचा, तिथं काही नसायचं, आणि मग तो तसाच गुडघ्यावर घट्ट आवळून बसायचा. मी आणि काकू दोन्हीकडून धोतर धरून तयारच होतो.

मध्येच एक दृश्य आलं. हिरोचा बाप विणकर. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला, एक हात सुताच्या धोट्यावर, आणि बायको शेजारी ताट घेऊन उकिडवी बसलेली. तो दुसऱ्या हातानं घास घेतो, की लगेच धोटा फेकतो. कुणी बोलत नाही, गाणं नाही, नुसता मागाचा खटखट आवाज. नानाजी पुढं झुकले. "आमचा बाबा असाच जेवे," ते म्हणाले. आणि मग माझा हात गच्च धरून म्हणाले, "बाई, धोतर पाहा! हातमागाचं आहे. पोट्ट्यानं ध्यानात ठेवलं!"

पण पोरांना त्याचं काय? दृश्य लांबलं तशी खालून आरोळी उठली, "खडा!" लगेच वरून, "खडा! खडा!" आमच्या ठेल्यावरचाच बंड्या सगळ्यांत आधी उठला. शिट्ट्या, हशा, खुर्च्यांचे आवाज. अर्धं टॉकीज निघायला लागलं.

आणि नानाजी उभे राहिले. आम्ही दोघींनी धोतर ओढलं, पण ते कसले ऐकतात! सगळ्यांना वाटलं, गुरूच चालले, आता काही खरं नाही. नानाजी पडद्याकडे पाठ करून उभे राहिले, आणि दुकानातून गोदामापर्यंत जाणाऱ्या त्या आवाजात ओरडले, "बसा बे खाली! जेवाले आले का खडे येचाले?"

शिट्ट्या थांबल्या. बंड्या उभा होता तो तसाच खाली बसला. सगळे बसले असं मी म्हणणार नाही, पुष्कळ निघूनही गेले. नानाजी मात्र पडद्यावर शेवटची पाटी येऊन दिवे लागेपर्यंत जागचे हलले नाहीत. काकूंनी नवऱ्याशेजारी बसून सिनेमाचा शेवट पाहिला तो कितीतरी वर्षांनी. त्या घंटेच्या चमत्काराला बिचाऱ्या मनापासून रडल्या.

बाहेर पडताना दाराशी डोअरकीपरच्या बाजूला एक सडपातळ माणूस उभा होता. कानशिलं पिकलेली, शर्टाला घाम. नाक अगदी नानाजींचं. त्यानं सगळं ऐकलं होतं. काकूंकडे बघून तो कसनुसा हसला, मग भावासमोर आला आणि खाली मान घालून म्हणाला, "दादा, खडे लय होते ना?"

हा माणूस जन्मात खोटं बोलला नव्हता, कुणाचं मन राखायलासुद्धा नाही.

"मले काय पुसतं गा?" नानाजी म्हणाले. "माझे दात हालून राहिले आता. खडा समजतच नाही. चाल घरी, शकू भात मांडते."

काकूंनी टॉकीजमधून येऊन लुगडंही बदललं नाही, थेट चूल पेटवली. दीर इतक्या वर्षांनी घरी आलेला, तांदूळ निवडायला वेळ कुठला! मलाही जेवायला थांबवून घेतलं. दोघं भाऊ पाटावर शेजारी शेजारी बसले. मधुकर वरणभात कालवत होता, नानाजी त्याच्या ताटाकडे पाहत होते.

तिसऱ्या-चौथ्या घासाला नानाजींच्या तोंडातून कर्रकन् आवाज आला. दात अगदी खणखणीत होते, शंकाच नको. काकूंचा हात वाढता वाढता थांबला. मधुकरनं मान वर करून भावाकडे पाहिलं.

नानाजींनी पाण्याचा घोट घेतला, गिळलं, आणि ताट पुढं केलं.

"भात चांगला झाला वं," ते म्हणाले. "अजून वाढ. अन् मधूलेही वाढ."