वाळत घातलेला दिवस

मंडळी, प्रवास कसा करावा हे जगात मोजक्याच लोकांना कळतं आणि त्यातला एक सध्या तुमच्याशी बोलतो आहे. पाठीवर सॅक, पायात बूट, डोक्यात आराखडा शून्य! मी नकाशा बघत नाही. रस्ता विचारत नाही. आणि एकसारख्या टोप्या घालून गाईडच्या झेंड्यामागे चालणारे जे सहलकरी असतात, त्यांच्याकडे तर मी मांजर आंघोळीच्या पाण्याकडे बघतं तसा बघतो.

हे सगळं मी एका संपादकाला ऐकवलं होतं. संपादक म्हणजे शाळेत माझ्या बाकावर बसणारा मित्र. आता रविवारची पुरवणी सांभाळतो. त्या पुरवणीतला उजवीकडचा, दर आठवड्याच्या सदराचा कोपरा मला हवा होता. नोकरी सोडून बरेच दिवस झाले होते. वहिनी मला वाढताना आधी सुस्कारा वाढायची, मग भात. दादा नोकरीच्या जाहिराती मोठ्याने वाचायचा, तेही मी आंघोळीला गेलो की दाराशी उभा राहून. कोपरा मिळाला असता तर निदान मान वर करून जेवता आलं असतं.

संपादक म्हणाला, "एकट्याने, पायी, काही न ठरवता घालवलेला एक दिवस लिहून दे. खरा हवा. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत आला आणि आवडला, तर कोपरा तुझा."

नशीब बघा, शुक्रवारी सकाळीच माझी डोंगराकडे जाणारी बस एका मोठ्या शहरात बंद पडली. दुसरी बस संध्याकाळी. बाकीचे प्रवासी कंडक्टरच्या अंगावर धावून गेले. मी त्याला मिठी मारायचीच बाकी ठेवली होती.

स्टँडवरच्या नळाखाली मी तोंड धुतलं आणि आदल्या दिवशीची चड्डी धुतली. आम्हा सॅकवाल्यांचा नियमच आहे: ओलं कापड सॅकच्या आत कोंडायचं नाही, बाहेर वाळवायचं. चालण्याची काठी सॅकच्या बाजूच्या कप्प्यात उभी खोचली आणि डोक्यापेक्षा उंच टोकावर चड्डी अडकवली. लालभडक रंगाची, ऐसपैस. वहिनीने सेलमधून आणलेली, दादाला मोठी झाली म्हणून माझ्याकडे आलेली. वारा सुटला आणि ती फुलली, जशी काही काटेसावरच फुलली. मी निघालो.

चौक ओलांडला. पहाटेचं धुणं गॅलऱ्यांतून ठिबकत होतं, दुकानांची शटरं जांभया दिल्यासारखी वर जात होती. मनात वाक्यं जुळू लागली: 'पुढे वाट, मागे वाट, मधे मी एकटा...' तेवढ्यात बुटाची नाडी सुटली म्हणून वाकलो, तर मागे पुष्कळ पावलं एकदम थांबली.

वळून बघितलं. पिवळ्या टोप्या! निवृत्तीच्या वयाच्या बायका-पुरुषांचा घोळकाच्या घोळका माझ्याकडे टक लावून उभा. मी चाललो, ते चालले. मी थांबलो, ते थांबले. मी एका बोळात घुसून भराभर निघालो, तर मागून धापा टाकण्याचा आवाज आणि कोणाचं तरी कण्हणं: "अहो, जरा हळू. गुडघे आहेत आम्हाला."

बोळ संपला तिथे भिंत होती. शेवाळलेली, उंच, बिनदाराची. आता मागे फिरणं म्हणजे रस्ता चुकल्याचं कबूल करणं. म्हणून मी भिंतीकडेच तल्लीन होऊन बघत राहिलो. मागे कॅमेरे खटखटले.

घोळक्यातून एक ठेंगण्या बाई पुढे आल्या. चष्मा नाकावर, छत्री काखेत, आवाज थेट प्रार्थनेनंतर वर्गाला गप्प करणारा. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या असणार हे सांगावं लागलं नाही. त्यांनी विचारलं, "ही भिंत कुठल्या काळातली?"

मंडळी, इथे मी सरळ म्हणायला हवं होतं की मला माहीत नाही. पण एवढी माणसं माना वर करून माझ्या तोंडाकडे बघत होती! घरी माझ्या तोंडाकडे कोणी बघत नाही. मला वाटलं, यांनी अस्सल भटका ओळखला आणि आपला गाईड टाकून माझ्या मागे आले. पारखी माणसं! मी म्हणालो, "फार जुन्या."

मग काय, जीभ सुटली ती सुटलीच. टायर पंक्चर काढणाऱ्याच्या दुकानाला मी जुनं शस्त्रागार केलं. धोबीघाटाला राणीचं स्नानगृह केलं. एका काकूंनी तर तिथल्या दगडाला हात लावून डोळे मिटले. गुडघेवाले काका अधूनमधून विचारायचे, संग्रहालय कधी येणार? मी सांगायचो, संग्रहालय मेलेल्या शहराचं असतं, मी तुम्हाला जिवंत शहर दाखवतोय. काका म्हणायचे, मेलेल्या शहरात बसायला बाकडी असतात.

मधेच मी बाईंना माझ्या कोपऱ्याचीही बातमी दिली. पुरवणी कोणती, संपादक कोण, लेखाचं नाव 'माझा एकांत'. बाईंनी मागच्या घोळक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "छान," म्हणाल्या. "कुठे पाठवायचं असतं?" मी उदार मनाने पत्ताही सांगितला.

ऊन चढलं. एका उंच खांबांवरच्या गोल इमारतीखाली मी सगळ्यांना सावलीत गोळा केलं आणि सांगितलं की हा टेहळणीचा मनोरा, इथून शत्रू येताना दिसायचा. माझं वाक्य संपतं न संपतं तोच वरून धो धो पाणी कोसळलं. महापालिकेची पाण्याची टाकी होती ती. भरून वाहिली.

सगळे चिंब. बाई छत्री उघडत म्हणाल्या, "शत्रू वरून आला वाटतं."

काकांच्या टोपीतून कारंजं गळत होतं. त्यांनी माझ्याकडे हात पसरला. "जरा तो झेंडा द्या, डोकं पुसतो."

"कसला झेंडा?"

"तुमचा हो. लाल. आमच्या बसवाल्याने सांगितलं होतं, चौकात लाल झेंडेवाला गाईड येईल, त्याचं बोट सोडू नका. सकाळपासून तुमच्यामागे गुडघे झिजवतोय की."

मी हात मागे नेईपर्यंत काकांनी काठी ओढून काढली, कापड उतरवलं आणि खसाखसा डोकं पुसलं. मग चेहरा. मग, चष्मा पुसता पुसता, त्यांचा हात थांबला.

बाईंनी ते कापड दोन बोटांत धरून उजेडाकडे उलगडलं. त्यांची मान हळूहळू तिरकी झाली.

"झेंड्याला नाडी असते का हो?"

त्या टाकीखाली जी शांतता पसरली, तशी मी डोंगरातसुद्धा ऐकलेली नाही. राणीच्या दगडाला हात लावलेल्या काकूंनी तो हात साडीला पुसला. काका कापडाकडे बघत होते आणि स्वतःच्या ओल्या चेहऱ्याला पुन्हा हात लावायचं त्यांचं धाडस होत नव्हतं. मी म्हणालो, "धुतलेली आहे." अख्ख्या दिवसात मी बोललेलं खरं वाक्य तेवढंच, आणि त्यावरच कोणी विश्वास ठेवला नाही.

शेवटी ते कापड माझ्या हातात कोंबून बाईंनीच सूत्रं घेतली. मी म्हणत होतो, रस्ता आपोआप सापडतो. त्यांनी एका फळवाल्याला विचारलं. चौक पुढच्या वळणावर निघाला. सकाळपासून आम्ही त्याच्याच भोवती घिरट्या घालत होतो. तिथे खरा गाईड रडकुंडीला येऊन उभा होता, हातात लाल झेंडा, रुमालाएवढा. काका त्याच्याकडे बघून एवढंच म्हणाले, "याचा लहान आहे."

संध्याकाळच्या बसमध्ये बसून मी लेख लिहिला. सुरेख उतरला. निर्मनुष्य बोळ, पुरातन भिंत, माझ्या एकट्याची पावलं, मनोऱ्यावरून अंगावर आलेले थंड तुषार. पाठवून दिला आणि वहिनीला काय काय सुनवायचं त्याची जुळवाजुळव करत बसलो.

थोड्या वेळाने संपादकाचा फोन आला. आधी बराच वेळ नुसता हसण्याचा आवाज. मग म्हणाला, "तुझा एकांत पोचला. पण तुझ्याआधी एका बाईंचा लेख आलाय, फोटोसकट. फोटोत तू पुढे, मागे ही मिरवणूक, आणि वर... काय रे ते?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कोपरा बाईंना दिला. दर रविवारी लिहितील. तुला फक्त विचारायचं होतं, पहिल्या लेखाला तुझा फोटो छापला तर चालेल ना?"

म्हणजे कोपऱ्यात मी आलो, मंडळी. उजवीकडे, वरती, चांगला रंगीत. दादाने तो कापून फ्रीजवर लावलाय आणि वहिनी आल्यागेल्याला सांगते, सेलमध्ये घेतलेली पण रंग बघा, अजून तस्सा.

न ठरवता घालवायच्या त्या दिवसात मी एकच गोष्ट ठरवली होती, आणि बसमधून उतरताना हात लावून बघितलं तर ती तेवढी झाली होती. चड्डी वाळली होती.