दुसरी घंटा

विवाह नोंदणीच्या कचेरीत त्या सकाळी दोघांना घाई होती आणि बाकी सगळ्यांना उत्साह होता.

घाई नवरा-नवरीला होती. नवरा फौजेत. लग्न याआधी दोनदा पुढे ढकललं गेलं होतं, कारण दोन्ही वेळा त्याची सुट्टी ऐनवेळी रद्द झाली. तिसऱ्यांदा सुट्टी मिळाली ती एवढीशी, आणि तिचाही आज शेवटचा दिवस. दुपारच्या गाडीने त्याला परत जायचं होतं. स्टेशनला जाणारी बस कचेरीच्या दारातच थांबायची. त्या बसच्या आधी एक शपथ, काही सह्या आणि एक शिक्का एवढं उरकलं की लग्न झालं. आज हुकलं तर पुढची सुट्टी कधी, हे त्याच्या वरिष्ठांनाही सांगता येत नव्हतं.

नवरी शाळेत कवायत शिकवायची. तिथे तिला सगळे 'पीटीच्या बाई' म्हणत. बाई अंगाने लहानखुऱ्या होत्या, पण आवाज असा की मैदानावर त्यांनी मुलांना हुकूम सोडला की बाहेरच्या रस्त्याने चाललेली मोठी माणसंही नकळत टाचा जुळवायची. एरवी मात्र त्या हळू बोलायच्या. आज तर नवीन कपडे घालून, नखं कुरतडायची नाहीत असं स्वतःला बजावत, बाकावर गप्प बसल्या होत्या.

उत्साह कचेरीला होता, कारण आज राष्ट्रीय सैनिक सन्मान दिन होता. वरून हुकूम आला होता की सर्वांनी दोन मिनिटं शांतता पाळावी. हुकूम साधाच होता. पण गेल्या वर्षी खालच्या मजल्यावरच्या कचेरीत, ऐन शांततेत, एका कारकुनाने मान खाजवली आणि ते कुणीतरी मोबाइलवर टिपलं. ते चित्रण गावभर फिरलं. ज्यांनी स्वतः त्या वेळी अंथरूणही सोडलं नव्हतं, ते लोक सगळ्यांत जास्त संतापले. देश उभा असताना याला खाज कशी सुटते, असं चौकाचौकात विचारलं गेलं. डास चावला होता, हे त्या गरिबाचं म्हणणं कुणी कानावर घेतलं नाही. शेवटी त्याने लेखी माफी मागितली, तेव्हा कुठे गाव शांत झालं.

म्हणून या कचेरीच्या हेडक्लार्कने यंदा कंबर कसली होती. आपल्याकडे पापणीसुद्धा हलता कामा नये, असा त्याचा पण होता. भिंतीवर त्याने स्वतःच्या वळणदार अक्षरात सूचना चिकटवली होती: पहिल्या घंटेला उभे राहावे, दुसऱ्या घंटेपर्यंत कोणीही हलू नये. 'कोणीही'खाली दोन रेघा होत्या. समोरच्या कपाटावर मोबाइल लावून ठेवला होता. शांतता तिथून थेट मुख्य कचेरीत दिसणार होती.

नवरीचे वडील हात जोडून त्याच्या टेबलाशी गेले.

"मुलगा फौजेत आहे हो आमचा. आज दुपारीच निघायचंय त्याला. आमचं तेवढं आधी घ्याल का?"

"सैनिकांचं मला सांगू नका, काका," हेडक्लार्क म्हणाला. "आज दिवसच त्यांचा आहे. आधी त्यांचा सन्मान, मग तुमचं काम."

"अहो, मी तेच म्हणतोय. हा जो मुलगा…"

"मुलगा चांगला उंच आहे. त्याला म्हणावं, तो फलक लावायला हात लाव जरा."

आणि नवरदेव उठला. 'आमच्या शूर जवानांना मानाचा मुजरा' असा लांबलचक फलक घेऊन तो स्टुलावर चढला. हेडक्लार्क खालून डावी बाजू वर घे, आता उजवी घे, असा त्याला नाचवत राहिला. फलक जरा तिरका झाला तेव्हा, मनापासून काम करत नाहीत हल्लीची पोरं, असंही म्हणाला. नवऱ्याने तो सरळ केला. खाली उतरून त्याने खुर्च्याही भिंतीला लावून दिल्या. पीटीच्या बाईंच्या कानशिलावरची शीर तेवढी उडायला लागली.

मग केबिनमधून साहेब बाहेर आले. साहेब भले गृहस्थ होते. सैनिक म्हटलं की त्यांचे डोळे भरून यायचे. ते फलकाखाली मधोमध उभे राहिले आणि त्यांनी आधीच डोळे मिटून घेतले. हेडक्लार्क आतल्या खोलीत गेला, कारण घंटेचं बटण तिथे होतं. त्याने ते दाबलं. घंटा दणक्यात वाजली. कचेरी उभी राहिली. आणि त्याच क्षणी हेडक्लार्कच्या लक्षात आलं की आपण आत राहिलो तर चित्रणात दिसणार नाही. तो पळतच बाहेर आला आणि साहेबांच्या शेजारी ताठ उभा राहिला.

दुसऱ्या घंटेचं बटण अर्थातच आत होतं.

हे हेडक्लार्कच्या ध्यानात आलं तेव्हा उशीर झाला होता. आत जायचं तर हलावं लागणार. हलायचं तर समोर मोबाइल. त्यातून सूचना स्वतःची, दोन रेघाही स्वतःच्या. त्याच्या कपाळावर घाम जमला आणि नाकावरून ओघळला, पण गड्याने तो पुसला नाही. इतरांना तर काही ठाऊकच नव्हतं. दोन मिनिटं झाली असावीत असं प्रत्येकाला वाटत होतं, पण सैनिकांसाठी उभं राहून घड्याळ बघणारा पहिला माणूस कोण होणार? गेल्या वर्षीचा डास सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता.

नवऱ्याच्या मामांची पंचाईत वेगळीच होती. ते साक्षीदार म्हणून आले होते. नवीन बूट चावतो म्हणून त्यांनी एक बूट काढला होता, आणि तेवढ्यात घंटा झाली होती. आता ते एका टाचेवर उंच आणि एका टाचेवर बुटके असे तिरके उभे होते, आणि हळूहळू नवरीच्या वडिलांकडे कलत होते.

तेवढ्यात चहावाला आला. दारातून आत पाऊल टाकतो तर सगळी कचेरी पुतळ्यासारखी. त्याने फलक वाचला, एक पाय उंबऱ्याच्या आत आणि एक बाहेर ठेवला, आणि हातात चहाच्या पेल्यांचा ट्रे धरून तोही उभा राहिला. त्याच्यामागून जिना चढून येणारे लोक पायरीपायरीवर थांबले. का थांबलो हे ज्यांना कळलं नाही त्यांनी पुढच्याला विचारलं नाही, कारण पुढचा फार गंभीर दिसत होता. जिना भरला. फूटपाथवर लोक थबकले. खिडकीतून कचेरी दिसत होती, फलक दिसत होता. पाहता पाहता रस्ता उभा राहिला. फळवाल्याने आंबे तोलताना तराजू तसाच धरला, आणि गिऱ्हाईकाच्या बाजूचं पारडं वर असूनही गिऱ्हाईक काही बोललं नाही.

आणि मग बस आली.

पीटीच्या बाई खिडकीशीच होत्या. त्यांनी मान न हलवता खाली पाहिलं. बस थांबली. ड्रायव्हरने रस्त्याकडे पाहिलं, वर खिडकीकडे पाहिलं, इंजिन बंद केलं आणि खाली उतरून सरळ उभा राहिला. त्याचं बघून निम्मे उतारू उतरले. बस उभी आहे तोवर ठीक, पण लग्न अजून व्हायचं होतं. हे सगळं सैनिकांसाठी चाललं होतं, आणि त्यात एका सैनिकाचं लग्न राहून जायची वेळ आली होती.

त्यांनी शेजारी पाहिलं. नवरा छाती पुढे, नजर समोर, असा उभा होता. सबंध कचेरीत नीट उभा असा तो एकटाच.

"काहीतरी करा ना," बाई ओठ न हलवता पुटपुटल्या.

"हुकूम आल्याशिवाय हलता येत नाही," तोही तसाच पुटपुटला.

"कुणाचा हुकूम?"

"कुणाचाही चालेल. पण हुकूम पाहिजे."

बाईंनी क्षणभर विचार केला. मग छातीत हवा भरली. आज नवरीसारखं वागायचं असं त्यांनी सकाळपासून ठरवलं होतं, ते बाजूला ठेवलं, आणि मैदानावरचा तो आवाज काढला.

"विश्राम."

साहेबांचा डावा पाय आपोआप बाजूला गेला आणि दोन्ही हात पाठीमागे गुंतले. हेडक्लार्कचाही गेला. जिन्यावरच्या प्रत्येकाचा गेला. शाळा सुटून कितीही वर्षं झाली तरी तो पाय कुणाचा चुकत नाही. मामांचा गेला तो बूट नसलेला, आणि ते वडिलांच्या अंगावर कोसळले. खाली रस्त्यावरही सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. हेडक्लार्क धावत आत गेला आणि त्याने दुसरी घंटा वाजवली. नियम तो नियम.

"वा," साहेब डोळे पुसत म्हणाले, "अशी शांतता मी आयुष्यात पाळली नव्हती."

"साहेब, आमचं लग्न," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अजून खाली आला नव्हता, त्यामुळे साहेबांनी लगेच शपथेचा कागद पुढे ओढला.

खाली बस सुटायला हवी होती, पण सुटली नाही. जे उतारू सन्मानासाठी खाली उतरले होते, त्यांच्या जागांवर न उतरलेले जाऊन बसले होते. आता तिथे जुंपली होती. आम्ही देशासाठी उतरलो, असं एक पक्ष म्हणत होता. आम्हीही आत उभेच होतो, मग बसलो, असं दुसरा. या भांडणाने इकडे लग्नाला वेळ मिळवून दिला. शपथ झाली. नवऱ्याने सही केली, नवरीने केली, वडिलांनी डोळ्यांतलं पाणी टिपत केली, मामांनी एक बूट हातात धरून केली. हेडक्लार्कने शिक्का मारला. लग्न झालं. खाली कंडक्टरने घंटी दिली आणि बसचं इंजिन सुरू झालं.

तेव्हा साहेबांची नजर कागदावर गेली.

"व्यवसाय, सैनिक," त्यांनी मोठ्याने वाचलं. "अहो, म्हणजे तुम्ही?"

"हो," नवरा म्हणाला.

साहेबांनी हेडक्लार्ककडे पाहिलं. हेडक्लार्कने फलकाकडे पाहिलं. तो किती सरळ लागला आहे हे त्याला आत्ता दिसलं, आणि त्याचा चेहरा पडला. साहेब मात्र आनंदाने थरथरत होते. फुलं आणा, फोटो काढा, दोन शब्द बोला, मग मी चार बोलतो, असं त्यांचं एकदम सुरू झालं. बस हलली.

"बस गेली," वडील खाली पाहत हताशपणे म्हणाले.

नवऱ्याने पिशवी उचलली, पण जिना अजून माणसांनी गच्च होता. इथे बाईंना ते सुचलं. त्या साहेबांसमोर गेल्या.

"साहेब, ह्यांचा सन्मान करायचाय ना तुम्हाला?"

"अहो, म्हणजे काय. तुम्ही सांगा फक्त."

"मग सगळे खिडकीत उभे राहा. मी सांगेपर्यंत हलायचं नाही."

आणि त्यांनी हुकूम सोडला. "सावधान."

साहेब, हेडक्लार्क, मामा, सगळी कचेरी खिडकीत ओळीने ताठ झाली. जिन्यावरचे लोक भिंतीला लागून ताठ झाले, आणि मधून आपसूक वाट मोकळी झाली. खाली फूटपाथने वर पाहिलं आणि पुन्हा तेच सुरू झालं म्हणून मुकाट्याने टाचा जुळवल्या. फळवाल्याने पारडं धरलं. चौकापर्यंत पोचलेल्या बसच्या ड्रायव्हरने आरशात मागचा रस्ता पाहिला आणि करकचून ब्रेक मारला.

नवरा-नवरी हातात हात घालून जिना उतरत धावली. चहावाल्याने ट्रे न हलवता नुसत्या भुवया उंचावून त्यांचं अभिनंदन केलं. उभ्या रस्त्यात पळणारी ती दोघंच होती, आणि दोघंही हसत होती. एवढा मोठा रस्ता आपल्या लग्नाला असा मानाने उभा राहील, असं बाईंना कधी वाटलं नव्हतं. त्यांना त्या क्षणी सगळ्यांचंच, अगदी हेडक्लार्कचंही, कौतुक वाटलं. स्टेशनपर्यंत सोडायला त्याही बसमध्ये चढल्या, पायरीवर वळल्या, आणि खिडकीतल्या वडिलांकडे पाहून हात हलवला. वडिलांना हलता येत नव्हतं. ते तसेच रडत होते.

"विश्राम," बाई ओरडल्या. रस्ता सैल झाला आणि बस निघाली.

या वेळी आधीच्या भांडणातून शहाणे होऊन कुणी खाली उतरलं नव्हतं. आतल्या आतच उभं राहून सन्मान झाला होता. हुकूम होताच सगळे आपापल्या जागांवर पटापट बसले. खिडकीजवळच्या एका आजोबांनी आपली पिशवी शेजारच्या जागेवर ठेवली आणि मागच्याला सांगितलं की सैनिक आहेत म्हणून आपण आहोत, त्यांच्यासाठी एवढं तरी आपण केलंच पाहिजे. मागच्याने मनापासून मान डोलावली. ड्रायव्हरनेही डोलावली.

नवरा मात्र मधल्या दांड्याला धरून अजून सरळ उभा होता. बाईंनी त्याला कोपराने हळूच ढोसलं.

"अहो, विश्राम म्हटलं ना मी? बसा की आता."

"बसतो ना," तो म्हणाला. "कुणी उठलं की बसतो."