जर्मनीत ऊन पडलं का?

आमच्या कंपनीच्या बसमध्ये सकाळी चढणारा माणूस एकतर 'गुड मॉर्निंग' म्हणतो, नाहीतर सरळ झोपतो. निंबाआप्पा खैरनार यातलं काहीच करत नसत. नाशिकच्या द्वारका चौकात बस थांबली की ते चढायचे, मफलर सैल करायचे, मोबाइल हातभर लांब धरायचे आणि अख्ख्या बसला ऐकू जाईल असं सांगायचे, "तिकडे उणे दोन. वाईट हाय." किंवा, "काल दिवसभर ऊन होतं. बरं झालं."

तिकडे म्हणजे जर्मनीत. स्वतः कुडकुडत असले तरी नाशिकचं तापमान त्यांनी कधी सांगितलं नाही.

मी तेव्हा नवीन होते. मला वाटलं, मुलगा असेल तिकडे. शेजारच्या सीटवरच्या बाई म्हणाल्या, "छे! एकच मुलगी, ती सटाण्याला दिलीय. जर्मनीत आप्पांचा गॅस आहे."

आमचा कारखाना सिन्नरजवळ. औषधांच्या आणि वाइनच्या बाटल्या करतो. मी प्रयोगशाळेत, आप्पा भट्टीचे फोरमन. काचेची भट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षं विझवायची नसते. विझली की आतली काच गोठते, विटा तडकतात, आणि मग ती भट्टी राहत नाही. दोन्ही भट्ट्या आप्पांनी पेटताना पाहिलेल्या. आधी त्या फर्नेस ऑइलवर चालत. मग गॅस आला. धूर गेला, सगळे खूश झाले. आप्पा तेवढे खूश नव्हते. ते म्हणाले, "नळ कुणाच्या हातात?"

हा त्यांचा ठरलेला प्रश्न. स्टोअरमधल्या गणेशचं लग्न ठरलं, तो राहणार ते घर सासऱ्याच्या नावावर असणार हे कळलं, तेव्हाही त्यांनी पेढा हातात घेऊन विचारलं होतं, "नळ कुणाच्या हातात?" गणेश दोन दिवस त्यांच्याशी बोलला नाही.

युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि आमच्याकडे गॅसचा भाव चढू लागला. कुणाला मेळ लागेना. आप्पांनी मला कँटीनच्या टेबलावर समजावलं. डबा म्हणजे रशिया, पाण्याची बाटली म्हणजे जर्मनी, मधे चमचा.

"ताई, लय सोपं हाय. एवढा मोठा कारखानदार देश, पोलाद काय, रसायनं काय, औषधं काय. पण निम्मी चूल एकाच शेजाऱ्याच्या नळावर. स्वस्त पडत होतं ना! आता भांडण झालं, नळ आटला." त्यांनी चमचा उचलला. "मग हे गेले समुद्रावरच्या बाजारात. बोटीतला गॅस मिळंल त्या भावात उचलायला लागले. आपल्याकडे यायची बोट वाटेतच वळली. त्यांच्याकडे थंडी वाढली की आपल्या भट्टीचा गॅस महागतो."

"मग चूक त्यांची."

"त्यांची कशी? आपण तरी काय केलं? तेल सोडून बोटीवरच बसलो की."

त्या हिवाळ्यात आप्पा एका सोमवारी रजा टाकून त्र्यंबकेश्वरला गेले आणि अभिषेक करून आले. गुरुजींनी संकल्प विचारला तेव्हा यांनी सांगितलं, जर्मनीत हिवाळा सौम्य जावा. गुरुजी म्हणाले, "गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणतो." हे आप्पांनीच आम्हाला सांगितलं, अगदी गंभीर चेहऱ्यानं. बस हसली. ते हसले नाहीत.

हसण्यासारखं फारसं राहिलंही नव्हतं. डिसेंबरमध्ये मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, की दोन नंबरची भट्टी बंद करावी लागेल. त्या लाइनवरची बरीच माणसं कंत्राटी होती. त्यांनी घरी बसायचं. आप्पा उभे राहिले. म्हणाले, "साहेब, माल काढू नका, पण भट्टी गरम ठेवू. अर्धा गॅस, अर्धं जुनं तेल. मी बघतो." साहेबांनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिली. तोवर भाव उतरला तर ठीक.

आप्पा वेळेवर घरी जाईनासे झाले. पहिली पाळी संपली तरी दुसऱ्या पाळीत भट्टीच्या काचेतून आत बघत उभे असायचे. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती, घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. आणि नेमकी तेव्हाच तिकडे थंडीची लाट आली. बसमध्ये चढून ते नुसतेच बसले. त्या दिवशी तापमान कुणी विचारलंही नाही.

दुपारी पाळी सुटल्यावर ते प्रयोगशाळेच्या दारात आले. "ताई, जरा इंग्रजी बोलायचंय. येता?"

कँटीनच्या मागच्या बाकावर त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर एक म्हातारा गोरा माणूस आला. घरातच बसलेला, पण अंगात ओव्हरकोट आणि डोक्याला लोकरीची टोपी.

"हे जर्मनीचे हेल्मुटसाहेब," आप्पा म्हणाले. "दोन नंबरची भट्टी यांनीच उभी केली. वर्षभर इथं होते. पोरं त्यांना हेल्मेटसाहेब म्हणायची. रात्रीचं जेवण रोज आमच्याकडे, जेवणापुरती आमची बोलीही उचलली. आता एकटेच असतात. ताई, विचारा, घरात कोट कशाला घातला?"

मी विचारलं. हेल्मुटसाहेबांचं इंग्रजी सावकाश, पण स्वच्छ होतं. ते म्हणाले, "सरकारनं गॅस वाचवायला सांगितलंय. मी फक्त स्वयंपाकघर गरम ठेवतो. आणि पेपरात वाचलं, तुमच्याकडे जाणाऱ्या बोटी आम्ही घेतो. निंबाला सांगा, मला ती भट्टी माहीत आहे. मी माझ्यापुरता तरी तिचा गॅस जाळणार नाही."

मी मराठीत सांगितलं. आप्पा माझ्याकडे न बघता थेट मोबाइलवर ओरडले, "पेटवा! आत्ता पेटवा!"

"आप्पा, त्यांना मराठी…"

"सांगा त्यांना. छातीत पाणी होऊन दोनदा दवाखान्यात जाऊन आलाय हा माणूस. भट्टीच्या विटा पुन्हा रचता येतात. म्हणावं, आमच्या भट्टीची काळजी करू नका, खोली गरम करा."

मी सांगितलं. पलीकडे हेल्मुटसाहेब नकारार्थी मान हलवत राहिले. एका माणसानं काय फरक पडतो, असं मी आप्पांना म्हणू शकले असते; आणि हेल्मुटसाहेबांनाही. दोघांपैकी कुणालाच म्हणाले नाही. शेवटी हेल्मुटसाहेब उठले, फोन घेऊन भिंतीजवळच्या हीटरपाशी गेले आणि कळ फिरवली. आप्पांचा विश्वास नव्हता. "हात ठेवायला सांगा त्यावर. तापलं का विचारा." दहा मिनिटं आम्ही तिघं एका हीटरकडे बघत बसलो. मग हेल्मुटसाहेबांनी टोपी काढली.

भाव उतरला नाही. निदान आमच्या मुदतीत तरी नाही. पुढे तिकडचा हिवाळा सौम्य निघाला, भाव खाली आले, दीड वर्षानं नवी भट्टीही बांधली आणि गेलेल्यांपैकी बरेचजण परतले. पण ते नंतर.

महिनाअखेरीला दुपारी भट्टी रिकामी करायला घेतली. तळाला भोक पाडलं आणि वितळलेली काच नारिंगी धारेनं खालच्या पाण्यात पडू लागली. घरी बसणारी माणसंही आली होती, हात बांधून उभी होती. बर्नर आप्पांनी स्वतः बंद केले, एकेक करून. मग बाजूला येऊन त्यांनी हेल्मुटसाहेबांना फोन लावला आणि पडदा धारेकडे वळवला. मला वाटलं, आता दुभाषी लागेल, म्हणून जवळ गेले. दोघं धारेकडेच बघत राहिले. धार बारीक होत गेली, थेंब झाली, थांबली.

आप्पांनी फोन स्वतःकडे वळवला. आणि आमच्याशी कधीच न बोललेल्या त्यांच्या घरच्या अहिराणीत विचारलं, "जेवन व्हयनं का?"

तिकडे सकाळ होती. हेल्मुटसाहेब शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होते.

"व्हयनं, निंबा," ते म्हणाले. "व्हयनं."